साहेबाच्या बाळामागचा हात

"आई विचारते, हात कुठे आहे?"

सुनीताबाईंनी प्रश्न मराठीत करून सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांची आई रायकीबाई लाइटबॉक्सवर वाकल्या होत्या. लाइटबॉक्स म्हणजे खालून दिवा असलेली दुधी काचेची पेटी. तिच्यावर एक जुनी निगेटिव्ह काच ठेवली होती. काचेवर वर्षाचं एक गुटगुटीत बाळ, फ्रॉक घातलेलं, कमरेला पट्टा. बाळाभोवती सगळीकडे तांबड्या रंगाचा लेप. बाळ आणि लेप, तिसरं काही नाही.

हात कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मीच घालवला होता. पण एवढ्या लांबून आलेल्या बाईला हे तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून मी म्हटलं, "आधी चहा घेऊ."

नंदुरबारमधला आमचा फोटो स्टुडिओ चार पिढ्यांचा. आता तो माझी सून प्रणाली चालवते. तिने जुन्या काचांचे फोटो कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, सातपुड्याच्या पायथ्याच्या जुन्या बंगल्यातल्या गोऱ्या साहेबाच्या कुटुंबाच्या काचा आमच्याकडे आहेत, कुणाला माहिती असल्यास कळवा. धडगावकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सुनीताबाईंनी ते आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी पहाटे जीपमध्ये बसल्या आणि घाट उतरून आमच्या दारात हजर. रायकीबाईंच्या हातात आमचुराची, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडींची पिशवी. ती त्यांनी आल्या आल्या माझ्या मांडीवर ठेवली. अपराध्याला आधीच आमचूर दिलं की त्याची काय अवस्था होते ते मी त्या दिवशी अनुभवलं.

साहेबाचं नाव सांगत नाही. सागाच्या लाकडाचा धंदा करायला तो इकडे आला. चार वर्षांसाठी आला आणि वीस वर्षं राहिला. बंगला बांधला, मडम आणली, मुलं झाली. त्याच्याकडे फोटो काढायला माझे आजेसासरे बैलगाडीत कॅमेरा टाकून जात. साहेब घोड्याबरोबर, मडम छत्रीबरोबर, मुलं कुत्र्याबरोबर, अशा पुष्कळ काचा आमच्या कपाटात होत्या. लोकांना वाटतं साहेबलोकांचे फोटो म्हणजे रुबाब. मला विचाराल तर त्या सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव आहे, कधी संपतंय हे.

कारण त्या काचा चित्र सावकाश धरायच्या. फोटोग्राफर "एक, दोन" म्हणेपर्यंत माणसाने हलायचं नाही. मोठी माणसं दम धरून बसत. वर्षाच्या बाळाला हे कोण सांगणार? म्हणून एक युक्ती असे. बाळाच्या मागे आया बसवायची, तिच्या अंगावर डोक्यापासून चादर टाकायची आणि चादरीतून हात बाहेर काढून तिने बाळाला धरायचं. फोटोत ती गादीच्या खुर्चीसारखी दिसे. पुढे प्रिंट कापताना खुर्ची कापून टाकत. हात मात्र राहायचा, कारण तो बाळाच्या पोटावर असायचा.

या काचेवरची चादरीतली बाई होती जमनी. रायकीबाईंच्या वडिलांची आई.

हे मला चहा पिताना कळलं. रायकीबाई घरी त्यांची पावरी बोलीच बोलतात. त्या बोलत होत्या आणि सुनीताबाई मराठीत सांगत होत्या. रायकीबाईंची आई त्या लहान असतानाच गेली. त्यांना जमनीआजीनेच वाढवलं. साहेबाच्या बाळाच्या या फोटोची एक प्रिंट आजेसासऱ्यांनी जमनीला दिली होती. तिने ती कणगीच्या मागे, कापडात बांधून ठेवली होती. कधी कधी काढून नातीला दाखवायची. हे साहेबाचं पोरगं, आणि ही मी. "मी" म्हणजे तो हात.

"मग ती प्रिंट कुठे आहे?" प्रणालीने विचारलं.

"आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर दिली," सुनीताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे माणसाच्या जवळच्या वस्तू माणसाबरोबर जातात. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिच्या वडिलांनी फोटो चितेवर ठेवला. आजीचा दुसरा फोटो नाही. आईला तोंड आठवतं म्हणते, पण आता ते हलतं. हात एकदा पाहायचाय तिला. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, ते एवढ्यासाठीच. नाहीतर तीन वर्षं नको नको म्हणत होती."

माझा चहा तसाच राहिला.

आता त्या बावीस वर्षांच्या शहाणीबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, सांगायला हवं. मॅट्रिक पास, चित्रकलेत बक्षीस, आणि नवी नवी सून. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादांनी तिचा हात पाहिला आणि तिला रिटचिंगला बसवलं. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवरच डागडुजी. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. जिथे काच काळी, तिथे प्रिंट पांढरी. म्हणून एखादी जागा पांढरी करायची तर निगेटिव्हवर रंग भरायचा. त्यासाठी एक तांबडा रंग मिळे, त्याला ओपेक म्हणतात. आणि जागा काळी करायची तर काचेवरचा मसाला बारीक चाकूने खरवडायचा. रंग आणि चाकू, एवढाच धंदा.

पण त्या शहाणीला वाटायचं, देवाने माणसं अर्धवट सोडली आहेत आणि उरलेलं काम तिच्याकडे आलं आहे. ती लोकांचे तीळ काढायची, देवीचे व्रण काढायची, दाराआड लपलेल्या सासवा काढायची. रनाळ्याच्या एका नवरदेवाच्या गालावरचा मस तिने असा सफाईने काढला की लग्नाच्या दिवशी मुलीकडचे हार घेऊन त्याच्या भावापुढे उभे राहिले. असं दादा सांगायचे. मी आजही नाकबूल करते.

एकदा परदेशातून पत्र आलं. साहेबाचं ते बाळ आता चाळिशीचा बाप्या झालं होतं. त्याने लिहिलं होतं, तुमच्याकडे माझ्या लहानपणची काच असेल तर एक प्रिंट पाठवा. दादा सामान आणायला सुरतेला गेले होते. शहाणीने काच शोधली. पाहते तर बाळ छान, पण मागे चादरीचा गठ्ठा आणि पोटावर कुणाचा तरी सावळा हात.

कुणाचा, हे तिने कुणाला विचारलं नाही.

चादर, दंड, मनगट, सगळं ओपेकने भरून टाकलं, म्हणजे मागे पांढरंशुभ्र. अंगठा आणि खालची दोन बोटं पांढऱ्या फ्रॉकवर होती, तीही ओपेकने भरली. वरची दोन बोटं मात्र कमरेच्या काळ्या पट्ट्यावर होती. तिथे रंग चालत नाही, तिथे चाकू. ती खरवडली. प्रिंट काढली, वाळवली, पाकिटात घातली आणि पोस्टात टाकली. तीन दिवस ती स्वतःवर खूश होती.

दादा आले. त्यांनी काच उजेडात धरली आणि हात शोधला.

"हाऊ हात कथा गया?"

"मी काढी टाका, दादा."

"कोनी सांगं तुले?"

"कोणी नई. बाळ कसं मोकळं दिसतं आता."

दादांनी काच अजून थोडा वेळ धरली. मग म्हणाले, "मोकळं नई दिसत, बेटा. पडी जाई आसं दिसस."

खरंच होतं ते. बाळ मागे रेलून बसलं होतं, आणि रेलायला मागे काही नव्हतं. शहाणी आठ दिवस दादांशी धड बोलली नाही. चूक दाखवणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून फार राग.

दोन महिन्यांनी त्या बाप्याचं पत्र आलं. इंग्रजी होतं. दादांना इंग्रजी वाचता येत नसे, मला येत असे. मी ते वाचलं, दादांना सांगितलं, "मिळाला म्हणे फोटो, आभार मानलेत." पत्र ही काच ठेवायच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली सारलं आणि डबा कपाटात सगळ्यात खाली सरकवला.

तर हे सगळं माझ्या पोटात, आणि समोर रायकीबाई नवे डोळे घेऊन बसलेल्या.

"सुनीताबाई," मी म्हटलं, "हात होता. मीच पुसला. बावीस वर्षांची होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच मनाने पुसला."

प्रणालीने हातातला कप खाली ठेवला. "आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलं कुणी?"

सुनीताबाई आईकडे वळल्या, पुन्हा माझ्याकडे वळल्या. "मावशी, हे मी आईला कसं सांगू?"

"जसं मी सांगितलं तसं सांग."

त्यांनी सांगितलं. रायकीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या एखाद्या बी-बियाण्याच्या दुकानदाराकडे बघावं तशा बघत होत्या, हा माणूस खरं बोलतो की नाही. मग त्यांनी एकच विचारलं.

"आई म्हणते, पुसला म्हणजे गेला का?"

आणि त्या प्रश्नाने माझं डोकं पन्नास वर्षांनी कामाला लागलं.

काचेला दोन बाजू असतात. एका बाजूला मसाला, म्हणजे जिथे चित्र असतं. दुसरी बाजू कोरी, नुसती काच. दादांची शिकवण अशी की ओपेक मसाल्याच्या बाजूला भरायचा, म्हणजे कड रेखीव येते. पण मसाल्यावर चूक झाली तर पुसताना चित्रही जातं. शहाणीला चुकायची भीती वाटायची. तिला दादांची बोलणीही नको असत. म्हणून ती गुपचूप कोऱ्या बाजूने रंगवायची. चुकलं की ओल्या कापसाने पुसलं, पुन्हा रंगवलं. कड जरा फुगीर यायची. दादा म्हणायचे, "हाई कामचोरनं काम शे." ते बरोबरच म्हणायचे.

मी काच उचलली आणि तिरपी करून लेपावर बोटाचं टोक ठेवलं. लेप कोऱ्या बाजूला होता.

"प्रणाली, कापूस आण. आणि काड्या."

"आई, आपण नाशिकच्या कुणा एक्स्पर्टला विचारू. जुनी काच आहे, कोपऱ्याला तडा आहे."

"एक्स्पर्टने रंगवली नव्हती. मी रंगवली होती."

काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून पिळून घेतला. पाणी तड्यातून पलीकडे गेलं तर मसाला फुगून सुटतो, म्हणून नुसता दमट. मनगटाच्या जागी फिरवला. काही झालं नाही. पुन्हा फिरवला. पन्नास वर्षांत लेप लाखेसारखा बसला होता. तीन काड्या झाल्या. कापूस पांढरा तो पांढराच.

रायकीबाई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, दादा, एकदा ओरडा, पण काहीतरी सुचवा. आणि मला दादा दिसले ते ब्रश ओठात धरलेले. रंग घट्ट झाला की ते ब्रशचं टोक जिभेला लावायचे. रिटचिंगवाल्यांची सगळ्यांची ती सवय.

मी नवी काडी घेतली, कापूस जिभेवर फिरवला आणि काचेला लावला.

"आई," प्रणाली म्हणाली, "थुंकी?"

"एक्स्पर्टच्या लिक्विडपेक्षा स्वस्त आहे."

सुनीताबाईंनी आईला ते सांगितलं असावं, कारण मागून पहिल्यांदाच हसू ऐकू आलं.

कापसावर फिकट तांबडा डाग आला. मग गडद आला. माझं तोंड कोरडं पडत होतं, म्हणून प्रणालीने न बोलता आमचुराच्या पिशवीतून एक फोड काढून माझ्या पुढे केली. त्या मुलीत धंदा आहे. आंबट चघळत, थुंकीने पुसत मी तासभर काम केलं. आधी चादरीची एक घडी उघडली. मग दंड. मग मनगट, त्यावर एक कडं. मग अंगठा. मग खालची दोन बोटं, फ्रॉकवर पसरलेली, बाळाचं पोट अलगद दाबून धरलेली.

निगेटिव्हमध्ये रायकीबाईंना काही उमगेना. प्रणालीने काच स्कॅनरवर ठेवली, चित्र सुलटं केलं, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं, आणि मोठ्या स्क्रीनवर लावलं. बाळ, बाळामागे बाईच्या आकाराची चादर, आणि हात.

रायकीबाई खूप वेळ पाहत राहिल्या. मग मान हलवून मागे सरल्या आणि स्टुलावर बसल्या.

"काय झालं?"

सुनीताबाईंचा आवाज उतरला होता. "आई म्हणते, हा आजीचा हात नाही. आजीची करंगळी वाकडी होती. लहानपणी विळ्याने तुटता तुटता राहिलेली. त्याच वाकड्या करंगळीने ती आईचा भांग पाडायची. इथे करंगळी वाकडी आहे. पण हा उजवा हात आहे. आजीचा डावा होता."

दुसऱ्या कुणा आयेचा हात, आणि तिचीही करंगळी वाकडी? मी स्क्रीनकडे पाहिलं. मग स्कॅनरकडे पाहिलं. मग माझ्या सुनेकडे.

"प्रणाली, काच कुठल्या बाजूने ठेवली?"

"मसाला खाली. शार्प येतं म्हणून."

"मग चित्र आरशातलं आलं. पलटव."

तिने जीभ चावली आणि एक बटण दाबलं. स्क्रीनवरचं बाळ डावीकडचं उजवीकडे झालं. हात त्याच्याबरोबर फिरला आणि डावा झाला.

रायकीबाई उठल्या. स्क्रीनपाशी गेल्या. त्यांनी डोकं पुढे झुकवलं आणि करंगळीच्या चित्राला कपाळ टेकवलं, केस जिथून विभागतात तिथे. मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर एक माणूस स्कूटरला किक मारत होता, ती सुरू होत नव्हती. त्याने बऱ्याच मारल्या.

मग त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. तिथे दोन बोटं असायला हवी होती. तिथे नुसते ओरखडे होते, मांजराने नखं मारावीत तसे.

"ती चाकूने काढली," मी म्हटलं. "ती येत नाहीत परत."

प्रणाली म्हणाली, "मी कॉम्प्युटरवर भरून देऊ शकते. बाकीच्या बोटांवरून काढता येतील. कळणारसुद्धा नाही."

सुनीताबाईंनी ते सांगितलं. रायकीबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि त्या जे बोलल्या ते सांगताना सुनीताबाई अडखळल्या.

"सांग की," मी म्हटलं.

"आई म्हणते, दोन बोटं तू घेतली. तुझ्याकडेच राहू दे."

आता त्या हसत होत्या. मलाही हसू आलं, आणि हसता हसता नाक पुसावं लागलं.

त्या हसण्याच्या भरात मी उठले, काच ठेवायचा डबा उलटा केला आणि पत्र काढून सुनीताबाईंच्या हातात दिलं. एक गुन्हा कबूल झाल्यावर दुसरा सोपा जातो. त्यांनी ते आधी मनात वाचलं. मग आईला पावरीत, थांबत थांबत वाचून दाखवलं. मला एकही शब्द कळत नव्हता, पण मजकूर पाठ होता. त्या बाप्याने लिहिलं होतं: फोटो सुंदर आहे. पण मला आठवतं त्या फोटोत मला कुणीतरी धरलं होतं. मी तिला आई म्हणायचो, म्हणून माझी आई रागवायची. ती बाई कुठे आहे? तुम्हाला सापडली तर तिला माझा नमस्कार सांगा.

पत्र आलं तेव्हा जमनी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तिला नमस्कार पोचलाच नसता. पण तिची नात तेव्हा तिकडे डोंगरात विशी-बाविशीची होती, साधारण त्या शहाणीच्याच वयाची. तिला पोचला असता.

रायकीबाईंनी पत्र घडी करून ओच्यात ठेवलं. मागितलं नाही, विचारलं नाही. ते त्यांचंच होतं, मध्ये नुसतं माझ्याकडे अडकलं होतं.

प्रणालीने दोन प्रिंट काढल्या. ओरखड्यांसकट. एक रायकीबाईंनी नेली. ती घरात लावलेली नाही, कापडात बांधून कणगीच्या मागे ठेवली आहे, असं सुनीताबाईंनी फोनवर सांगितलं. आणि सांगून ठेवलंय म्हणे, मी गेले की माझ्याबरोबर ही प्रिंट द्यायची नाही, ती मुलीकडे राहील. दुसरी प्रिंट पत्रावरून उतरवून घेतलेल्या परदेशी पत्त्यावर पाठवली. सोबत प्रणालीने इंग्रजीत लिहिलं, बाई सापडली, तिचं नाव जमनी. अजून उत्तर नाही. पन्नास वर्षांनी उत्तर पाठवणाऱ्यांनी घाई करू नये.

काच आता नव्या पाकिटात आहे. पाकिटावर आधी साहेबाचं नाव होतं. त्याच्याखाली मी जमनीचं लिहिलं.

नव्या मुली प्रणालीकडे काम शिकायला येतात. एडिटिंग करताना त्यांना मी एवढंच सांगते. दुसऱ्याच्या फोटोतलं काही काढायचंच असेल, तर भित्र्यासारखं काढा, कोऱ्या बाजूने. पुसून टाकलेलं थुंकीनेसुद्धा परत येतं. आत्मविश्वासाने चाकू चालवलात, तर पुढे आयुष्यभर दुसऱ्याची दोन बोटं सांभाळावी लागतात.